काल गेलो, नुकतीच आली, घरी पोचलो : भूतकाळ, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय

आपल्या उज्जैनच्या मराठी कुटुंबांतील मुले दिवसभरात तीन भाषा बोलतात. घरात मराठी, देवास गेटच्या बस स्टँडवर आणि बाजारात हिंदी, शाळेत इंग्रजी. हे काही नवीन नाही. माळव्यातील मराठी घरांत दोन भाषा पिढ्यान् पिढ्या नांदत आल्या आहेत. मुक्तिबोधांच्या एकाच घरात गजानन माधव हिंदीचे कवी झाले आणि धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. अडचण तेव्हा येते, जेव्हा एका भाषेची घडी दुसरीत तशीच बसवली जाते. भूतकाळाच्या वाक्यात ती सर्वांत लवकर दिसते. म्हणून या विषयावरील काही नेहमी उपयोगी पडणारे नियम आम्ही येथे एकत्र देत आहोत. पालकांनी आणि आजी-आजोबांनी ते मुलांबरोबर बसून वाचावेत.

१. दोन शब्दजातींची ओळख

क्रिया कशी, कधी, कुठे घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. नामाला जोडून येतो आणि त्याचा वाक्यातील दुसऱ्या शब्दाशी संबंध दाखवतो, तो शब्दयोगी अव्यय. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. शाळेत शिकवली जाणारी ही विभागणी याच परंपरेतून आपल्याकडे आली.

एकच शब्द दोन्ही कामे करू शकतो. ‘तो बाहेर गेला’ यात ‘बाहेर’ एकटा उभा आहे, म्हणून क्रियाविशेषण. ‘तो घराबाहेर गेला’ यात तो ‘घर’ला जोडला गेला, म्हणून शब्दयोगी. जोडताना ‘घर’चे ‘घरा’ झाले, हे सामान्यरूप. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून लिहितात : देवळासमोर, स्टेशनजवळ, पुलाखाली. हिंदीत ‘घर के बाहर’ सुटे लिहितात, त्यामुळे आपली मुले ‘घरा बाहेर’ असे तोडून लिहितात. ते टाळावे. ‘घराच्या बाहेर’ हे मात्र बरोबर आहे.

इंग्रजीतही हाच भेद आहे. ‘ही वेंट इन’ म्हणजे तो आत गेला. ‘ही वेंट इनटू द हाउस’ म्हणजे तो घरात गेला. फरक एवढाच की इंग्रजीत हा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत नंतर.

२. बदलणारी क्रियाविशेषणे

इंग्रजीत ‘जस्ट’ कधी बदलत नाही. हिंदीत ‘अभी-अभी’ बदलत नाही. मराठीत मात्र काही क्रियाविशेषणे क्रियापदाबरोबर लिंग आणि वचन बदलतात :

पाहुणा नुकताच आला. बस नुकतीच सुटली. पत्र नुकतेच मिळाले. चिठ्ठ्या नुकत्याच आल्या.

सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात ते कर्माप्रमाणे बदलते. ‘तिने नुकताच चहा घेतला’, ‘त्याने नुकतीच पोळी खाल्ली.’ चहा घेणारी मुलगी असली तरी ‘नुकताच’ चहाचे ऐकतो. ‘घेतला’ही चहाचेच ऐकतो. दोघांचा मेळ असला की वाक्य बरोबर.

‘कसा’चेही तसेच. हिंदीत ‘वह कैसे आई?’ चालते. मराठीत ‘ती कशी आली?’, ‘तो कसा आला?’, ‘पाहुणे कसे आले?’ असे विचारावे. ‘ती कसे आली?’ हे हिंदीचे मराठी रूप झाले. ‘लवकर’, ‘हळू’, ‘आत्ता’, ‘आधी’ हे शब्द मात्र कोणासाठीही बदलत नाहीत.

३. ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’

‘मी काल भोपाळला गेलो होतो’ हे वाक्य मराठीत सहज आहे. त्यातून जाऊन परतही आलो हे ऐकणाऱ्याला कळते. याचे शब्दशः इंग्रजी करून मुले ‘आय हॅड गॉन टू भोपाळ यस्टरडे’ लिहितात. इंग्रजीत ‘यस्टरडे’ किंवा ‘टू डेज अगो’ आले की साधा भूतकाळ पुरतो : ‘आय वेंट टू भोपाळ यस्टरडे.’

‘हॅड’ केव्हा लागते? दोन मागच्या गोष्टींपैकी आधीची सांगायची असेल तेव्हा. ‘मी देवास गेटला पोचलो तेव्हा बस आधीच सुटली होती’ : ‘वेन आय रीच्ड देवास गेट, द बस हॅड ऑलरेडी लेफ्ट.’ येथे ‘होती’ आणि ‘हॅड’ यांची बरोबर जोडी जमते.

बँकेच्या पत्रव्यवहारात याचे महत्त्व आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. ‘आय हॅड डिपॉझिटेड द अमाउंट’ एवढेच लिहिले, तर वाचणारा विचारतो, कशाच्या आधी? व्याज सुरू होण्याच्या की हप्त्याच्या तारखेच्या? ‘आय डिपॉझिटेड द अमाउंट ऑन’ असे लिहून पुढे तारीख दिली की प्रश्नच उरत नाही. अर्ज, तक्रार, नोकरीचे पत्र यांत हे जरूर पाळावे.

४. क्रियाविशेषणाची जागा

मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणून क्रियाविशेषण त्याच्या आधी बसते : ‘तिने डबा सांभाळून देवळात नेला.’ इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा काही घालत नाहीत : ‘शी कॅरिड द टिफिन केअरफुली टू द टेम्पल.’ ‘कॅरिड केअरफुली द टिफिन’ हे चूक.

पण क्रियापदापुढे कर्म नसून शब्दयोगी असेल, तर मध्ये जागा मिळते : ‘ही वॉक्ड स्लोली टुवर्ड्स द स्टेशन’, ‘शी लुक्ड केअरफुली अ‍ॅट द पासबुक.’ ‘गेव्ह अप’सारखी जोडी मात्र फोडून मध्ये ‘कम्प्लीटली’ घालू नये. तिचा अर्थ दोन शब्द मिळून होतो, जसा आपल्याकडे ‘सोडून दिली’चा होतो.

आणखी एक. ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने कष्ट केले. ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जेमतेमच काम केले. शिफारसपत्रात ही अदलाबदल उमेदवाराला महागात पडेल.

५. नको असलेले शब्दयोगी

आपण ‘घरी गेलो’, ‘उज्जैनला पोचलो’, ‘खोलीत शिरलो’, ‘त्याविषयी चर्चा केली’ म्हणतो. प्रत्येक ठिकाणी नामाला काहीतरी जोडलेले असते. म्हणून इंग्रजीतही काहीतरी जोडावेसे वाटते. योग्य रूपे अशी : ‘वेंट होम’ (‘टू’ नको), ‘रीच्ड उज्जैन’ (‘अ‍ॅट’ नको), ‘एंटर्ड द रूम’ (‘इनटू’ नको), ‘डिस्कस्ड द मॅटर’ (‘अबाउट’ नको). ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ हे शब्द येथे स्वतःच क्रियाविशेषण आहेत. ‘रिटर्न्ड’मध्ये परत येणे आलेच, म्हणून ‘रिटर्न्ड बॅक’मधील ‘बॅक’ही जास्तीचा.

६. काल, उद्या, परवा

हिंदीतील ‘कल’ मागचाही आणि पुढचाही. मराठीने ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे ठेवले आहेत. हिंदी कानावर असलेली लहान मुले ‘मी काल जाईन’ म्हणतात, तेव्हा हसू नये, वाक्य फक्त बरोबर करून पुन्हा म्हणावे. ‘परवा’ मात्र आपल्याकडेही दोन्हीकडचा : ‘मामा परवा आले’, ‘मामा परवा येतील.’ येथे काळ क्रियापदच सांगते.

घरी करण्याजोगा एक सराव सुचवतो. रात्री जेवताना मुलाने दिवसभरातील तीन गोष्टी आधी मराठीत, मग इंग्रजीत सांगाव्यात. प्रत्येकीत कधी, कुठे आणि कसे यांपैकी दोन तरी यावेत. चूक झाली तर मोठ्यांनी बरोबर वाक्य सहज आपल्या बोलण्यात आणावे. टोकले की मूल हिंदीकडे वळते आणि मग मराठी त्याच्या तोंडून कमी-कमी ऐकू येते. नियम पुस्तकात सापडतील, पण ‘ती कशी आली?’ हे कानाला आपोआप बरोबर वाटावे, यासाठी घरात ते रोज बोलले गेले पाहिजे.