दोन भेक आणि मधली 46 वर्षं

मी पुलगावहून बोलतोय. आमच्याकडे पाऊस लांबला की पोरं कडुलिंबाचा पाला बांधून, बेडूक घेऊन धोंडी मागत दारोदार फिरायची. बेडूक म्हणजे पावसाचा निरोप्या. पण सह्याद्रीत असा एक भेक आहे, ज्याला 2009 पर्यंत स्वतःचं नावच नव्हतं. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात कोयनेपासून. तिथं धरणाचं काम चालू होतं, आणि त्याच काळात, 1963 मध्ये, सोमण या अभ्यासकाने तिथल्या एका छोट्या भेकाची नोंद केली. नदीचंच नाव मिळालं त्याला: कोयनायेन्सिस. पुढे खोऱ्यात शिवसागर जलाशय भरला, गावं उठली, माणसं दूर वसवली गेली. भेकाचं मात्र नाव कागदावर आलं होतं.

आता खाली सिंधुदुर्गात या. आंबोली, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी एक. तिथल्या भेकाच्या अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. 2009 मध्ये एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी त्याला वेगळी जात ठरवलं: टायगेरिना. कोयनेचा आणि हा, दोघांसाठी नवी प्रजाती केली: झँथोफ्राइने, म्हणजे पिवळा भेक. जगात या प्रजातीचे ज्ञात सदस्य हे दोनच.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून असं सांगतो. डेटाबेसमध्ये दोन माणसं एकाच आयडीखाली असली, तर एक गायब झाला तरी सिस्टम म्हणते, सगळं ठीक आहे. जातींचंही तसंच. नाव वेगळं झालं, तेव्हा कुठे कळलं की हा भेक फक्त आंबोली परिसरातच सापडतो. तिथून गेला, म्हणजे जगातून गेला. आययूसीएनने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं.

त्याला लागतं काय? जंगलाशेजारचा खडकाळ सडा आणि पहिल्या पावसात साचलेलं वीतभर पाणी. अंडी तिथंच. म्हणजे आपल्याला ओसाड कातळ दिसतो, तो त्याचा पाळणाघर आहे. त्यावर रिसॉर्ट बांधलं, गाड्या लावल्या, की पिढी संपली. आणि त्याचा विणीचा हंगाम म्हणजेच आपला धबधब्याचा हंगाम!

कोयना अभयारण्य 1985 चं, 2012 पासून युनेस्कोच्या वारसा यादीतही आहे. आंबोली त्या यादीत नाही.

तेव्हा पावसाळ्यात आंबोलीला जाणार असाल, तर रात्री गाडी हळू चालवा, आणि सड्यावर चढवू तर मुळीच नका. नाव मिळायला 46 वर्षं जास्त लागली त्याला. चाकाखाली जायला एक सेकंद पुरतो.

भेटू पुढच्या भागात!