सोपाऱ्यातील एक दिवस

गेल्या वर्षी भजनाच्या कार्यक्रमासाठी पेटी घेऊन मी नालासोपाऱ्यास गेले. निघताना ‘बायकांनी एवढे कशाला हिंडावे?’ असे घरी ऐकलेच होते. कार्यक्रम रात्री असल्याने दिवसभर जुने सोपारे पाहिले.

एके काळचे हे भरभराटीचे बंदर. आज खाडी गाळाने भरली आहे. ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली बौद्ध स्तूप सापडला. सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही मिळाला. राजा शिकारीच्या सहली सोडून धर्मयात्रेस निघाला, वृद्धांना व खेड्यांतील लोकांना भेटू लागला, असे तो लेख सांगतो. हे आठवले आणि पेटीचे ओझे हलके झाले. माणसांना भेटण्यासाठी हिंडणे वाया जात नाही!

आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७३ च्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तशीच एक मूर्ती इटलीतील पाँपेईत, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली आहे. म्हणजे आपल्या मुलखाचे नाते साता समुद्रांशी होते.

भगिनींनो, केदारखेड्याहून मी सोपारे गाठले, पण शेजारच्या भोकरदनला आपण केवळ बाजाराची पिशवी घेऊन जातो. मंडळाची पुढली सहल तेथेच काढू या.