बाटलीवरचे वासरू : प्रस्तावना

आईच्या आचळाला न लावता वासरू वाढवायचे, ही आपल्याकडच्या गोठ्यांत तशी अलीकडची रीत. खिल्लार, देवणी किंवा गीर पाळणाऱ्याला तिची गरजच नव्हती. आधी वासरू सोडायचे, त्याने चार ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडायची. मग त्याला बाजूला बांधून धार काढायची आणि एखादे आचळ त्याच्यासाठी राखायचे, असा तो व्यवहार होता. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरळी कांचनला ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली. पुढे कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचले आणि होल्स्टिन फ्रिजियन, जर्सीच्या संकरित गाई पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली, कोल्हापूरच्या गोठ्यांत उभ्या राहिल्या. यांतल्या बहुतेक गाई वासरू जवळ नसतानाही पान्हवतात. धारेसाठी वासराची गरज उरली नाही, तसे ते जन्मल्यापासूनच वेगळे बांधले जाऊ लागले आणि त्याला पाजण्याचे काम माणसाच्या हाती आले.

वासरू संगोपन हा अभ्यासाचा विषय होतो तो इथून. गाय जे न शिकता करते, ते आपल्याला शिकून करावे लागते. या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, आणि पहाटे चारला उठून गोठा सांभाळणाऱ्या ताई-दादांचे, मनापासून स्वागत. सुरुवातीलाच एक सांगावेसे वाटते. या शास्त्रातला जवळजवळ प्रत्येक नियम आईच्या कुठल्या ना कुठल्या कामाची जागा भरण्यासाठी आलेला आहे. ते काम कोणते, हे विचारत गेलात तर नियम पाठ करावे लागणार नाहीत.

पहिले काम चिकाचे. माणसाच्या बाळाला आईची काही प्रतिपिंडे गर्भातच मिळतात. गाईच्या वारेची रचना अशी, की तिच्या रक्तातली प्रतिपिंडे वासरापर्यंत पोचतच नाहीत. वासरू जन्मते ते रोगांपुढे जवळजवळ निःशस्त्र. त्याची सारी शिदोरी चिकात असते. पहिले काही तास त्याच्या आतड्याचे अस्तर ही मोठी प्रथिने अख्खीच्या अख्खी रक्तात घेते. तासागणिक ही वाट अरुंद होत जाते आणि साधारण २४ तासांत बंद होते. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत चीक न मिळालेली आणि मिळालेली वासरे शेजारी ठेवून पाहिली. चीक न मिळालेल्यांतली बहुतेक दगावली. म्हणून ३० किलोच्या वासराला ३ लिटर चीक, आणि तोही शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू, हा हिशेब ठरला. चिकाचा कस आता रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवूनही कळतो. ब्रिक्सचा आकडा २२ किंवा वर असेल, तर चीक चांगला.

तरीही ‘वार पडेपर्यंत चीक काढायचा नाही’ ही समजूत अजून कितीतरी गोठ्यांत पाळली जाते. वार पडायला सहा-आठ तास सहज जातात, म्हणजे सगळ्यांत मोलाचा वेळ वाट पाहण्यातच संपतो. उलट आचळ ओढले गेल्याने ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशय आकसायला मदतच होते. तीच गोष्ट खरवसाची. शेजारीपाजारी चीक वाटण्याची रीत गोड आहे आणि ती टिकावी. पण पहिल्या धारेचा चीक सगळ्यांत कसदार असतो, आणि त्यावर हक्क वासराचा. खरवस नंतरच्या धारांचा करावा.

दुसरे काम पाजण्याच्या ढबीचे. गाईखाली पिणारे वासरू कधी नीट न्याहाळून पाहा. मान पुढे ताणलेली, तोंड किंचित वर, शेपटी सतत हलती, ओठांच्या कडेला पांढरा फेस. या चोखण्यातच एक प्रतिक्षिप्त क्रिया दडलेली आहे. अन्ननलिकेच्या शेवटची स्नायूंची घडी मिटून तिची नळी होते आणि दूध कोटीपोटाला, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या पोटाला, वगळून थेट चौथ्या पोटात उतरते. तिथे कायमोसिन हे विकर काही मिनिटांत त्याची गाठ बांधते आणि ती सावकाश पचते. घडी नीट मिटली नाही तर दूध कोटीपोटात जाऊन आंबते, मग पोटफुगी, हगवण. बाटली आचळाच्या उंचीवर का धरायची, दूध ३८-३९ अंश कोमट का हवे, रोज वेळ तीच का पाळायची, याचे उत्तर या एका घडीत आहे. आणि निपलचे भोक! घाई असते म्हणून ते ब्लेडने मोठे केले जाते. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबथेंब गळावे. धार लागली तर वासराला ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जाते आणि चार दिवसांनी न्यूमोनियाचे वासरू दवाखान्यात न्यावे लागते.

जन्मतः कोटीपोट लहान आणि दुबळे असते. ते दुधाने वाढत नाही. दाणेदार काफ स्टार्टर आंबून तयार होणारे ब्युटिरिक आम्ल आतल्या अस्तरावरचे बारीक उंचवटे वाढवते, आणि त्यांतूनच पुढे चाऱ्याचे पोषण शोषले जाते. त्यासाठी पहिल्या आठवड्यापासून चिमूटभर स्टार्टर आणि स्वच्छ पाणी समोर हवे. दूध पाजतो तर वेगळे पाणी कशाला, असे विचारले जाते. दूध कोटीपोटात जात नाही आणि तिथल्या जिवाणूंना पाणी लागते, म्हणून. वासरू सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर खाऊ लागले की दूध तोडायला हरकत नाही.

सगळे प्रश्न सुटलेले नाहीत, आणि अभ्यासकाला या विषयाची ओढ लागावी ती त्यामुळेच. वजनाच्या १० टक्के दूध, हा आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला नियम. मनमुराद पिऊ दिले तर वासरू साधारण दुप्पट पिते. कॉर्नेल विद्यापीठाच्या कळपातील २०१२ च्या अभ्यासात, दूध तुटण्याआधीची रोजची वाढ १ किलोने जास्त असण्याशी पहिल्या वेतातल्या सुमारे ८५० किलो जादा दुधाचा संबंध दिसला. दहा टक्क्यांचा नियम वासराला उपाशी ठेवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. वासरू एकटे ठेवायचे की जोडीने, हाही असाच प्रश्न. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१४ मध्ये सोबतीने वाढलेली वासरे नवी गोष्ट शिकण्यात एकट्यांपेक्षा सरस ठरली.

आईकडून येते ते सारे हिताचेच, असेही नाही. टॉक्सोकारा व्हिट्युलोरम या गोलकृमीच्या अळ्या दुधातूनच पिल्लात जातात, आणि रेडकांना त्याचा फटका फार बसतो. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पहिले जंतनाशक दुसऱ्या आठवड्यातच द्यावे लागते.

गोऱ्ह्यांचा प्रश्न मात्र शास्त्राच्या पलीकडचा आहे. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम आटले, २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली, आणि संकरित गोऱ्हा कुणालाच नकोसा झाला. काही ठिकाणी त्याला चीकही पाजला जात नाही. हे मला मान्य नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरून गोऱ्हे कमी जन्मावेत, हा मार्ग खुला आहे. जन्मलेल्याला उपाशी मारणे हा मार्ग नव्हे.

या विषयाची सुरुवात करायला प्रयोगशाळा लागत नाही. एक थर्मामीटर, छातीचा घेर मोजायला एक टेप आणि एक वही आणा. प्रत्येक वासराला वहीत एक पान द्या, मग ती कालवड असो की गोऱ्हा. त्या पानावरची पहिली नोंद असू द्या: वासरू किती वाजता जन्मले, आणि पहिला चीक किती वाजता, किती लिटर पाजला.