मलाय भाषाशिक्षणातील कल्पक विचारकौशल्ये

मलाय भाषेच्या अध्यापनातून विद्यार्थ्यांची जिज्ञासा, सर्जनशीलता, तर्कशक्ती व नवे करून पाहण्याचे धाडस वाढविण्याचे मलेशियातील प्रयत्न. मलायमधील ‘फिकिर’ (विचार करणे) हा शब्द अरबी असून मराठी ‘फिकीर’ त्याच कुळातला; मराठीत मात्र त्याला काळजीचा अर्थ चिकटला. निर्मितीवाचक ‘चिप्ता’ हा शब्द संस्कृत ‘चित्त’ यावरून आला आहे.

ब्रिटिश अमदानीतील मलाय शाळांपुढे विचारवृद्धीचे उद्दिष्ट नव्हतेच. रिचर्ड विन्स्टेट यांनी १९१६ मध्ये जावा व फिलिपीन्स येथील शिक्षणाची पाहणी केली. त्यांच्या शिफारशींमुळे लेखन-वाचनाबरोबर बागकाम व टोपल्या विणणे यांना महत्त्व आले. शेतकऱ्याच्या मुलाने अधिक जाणता शेतकरी व्हावे, एवढीच राज्यकर्त्यांची अपेक्षा होती. तथापि याच धोरणातून तांजुंग मालिम येथे १९२२ मध्ये निघालेले सुलतान इद्रिस अध्यापक महाविद्यालय पुढे मलाय राष्ट्रवादाचे केंद्र बनले.

स्वातंत्र्यानंतर (१९५७) मलाय ही राष्ट्रभाषा झाली आणि १९७० पासून इंग्रजी माध्यमाच्या शाळा टप्प्याटप्प्याने मलाय माध्यमात आणण्यात आल्या. चिनी व तमिळ प्राथमिक शाळा टिकून राहिल्याने अनेक विद्यार्थ्यांना मलाय ही दुसरी भाषाच होती. साहजिकच शुद्धलेखन, व्याकरण व परीक्षेसाठी पाठ केलेले नमुना निबंध यांतच अध्यापन अडकले.

नव्वदीच्या दशकात चिकित्सक व सर्जनशील विचारकौशल्यांचा अभ्यासक्रमात पुरस्कार झाला. त्यामागे बेंजामिन ब्लूम यांचे वर्गीकरण व एडवर्ड डी बोनो यांच्या पद्धती यांचा प्रभाव होता. ‘कल्पक विचार’ ही संज्ञा रूढ होण्यास २००३ चा ‘एनगेज’ हा अमेरिकन आराखडा कारणीभूत ठरला. जुळवून घेण्याची क्षमता, स्वयंदिशा, जिज्ञासा, सर्जनशीलता, धाडस व उच्चस्तरीय विचार हे त्याचे घटक होत. त्याच वर्षी मलेशियाने गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्यास प्रारंभ केला. विचाराची भाषा म्हणून मलायच्या सामर्थ्याविषयीचा वाद त्यामुळे पुन्हा पेटला. २००९ मध्ये तो निर्णय मागे घेण्याचे ठरले. २०११ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात सर्जनशीलतेला सर्व विषयांत, तर ‘भाषाकला’ या घटकाला मलायमध्ये स्थान मिळाले.

परकीय आराखड्यांपेक्षा या कामी पांतुन हा पारंपरिक पद्यप्रकार अधिक उपयुक्त वाटतो. त्याच्या चार चरणांपैकी पहिल्या दोहोंत निसर्गातील वा नित्य व्यवहारातील एखादे चित्र, तर उरलेल्या दोहोंत आशय असतो. पहिला-तिसरा व दुसरा-चौथा अशी यमके जुळतात. दोन्ही भागांचा संबंध बहुधा उघड नसतो; तो नादातून किंवा सूचनेतून जाणवतो. शिक्षकाने चित्र देऊन आशय मागितला, किंवा उलट केले, तरी उत्तर एकच येत नाही. शिवाय यमकाचे बंधन असल्याने कल्पना स्वैरही होत नाही.

अडचण गुणदानाची आहे. प्राथमिक शाळेअखेरची राष्ट्रीय परीक्षा २०२१ मध्ये रद्द झाली; माध्यमिक शाळेअखेरची परीक्षा कायम असून तिच्या प्रमाणपत्रासाठी मलायमध्ये उत्तीर्ण होणे सक्तीचे आहे.