तोरण, महात्मा आणि एक हजेरीपट

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. चहा होईपर्यंत त्याने मोबाईलवरची एक बातमी वाचून दाखवली. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला लागायचा होता, तो पुढे ढकलला होता. काही संघटनांची हरकत होती. शिवाय सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे शब्द काढायला किंवा बदलायला सांगितले होते. वाचून झाल्यावर तो हसत म्हणाला, "सर, तुम्हीच वर्गात सांगायचात ना, कात्री लागली की कलावंत जास्त हुशार होतो म्हणून?"

सांगायचो खरा. इतिहासाच्या तासाला 'उदयकाल'ची गोष्ट हमखास सांगायचो आणि मुलं मन लावून ऐकायची.

ती गोष्ट अशी. आपल्याकडे १९१८ साली सिनेमाचा कायदा झाला आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत सेन्सॉर बोर्डं बसली. मुंबईच्या बोर्डाचे अध्यक्ष कोण, तर पोलीस कमिशनर! म्हणजे चोर पकडणाऱ्या खात्याकडेच चित्रं तपासायचं काम. दुसऱ्याच वर्षी, १९२१ मध्ये, कोहिनूर कंपनीचा 'भक्त विदुर' आला. कथा महाभारतातली, पण विदुराच्या अंगावर खादी आणि डोक्यावर गांधी टोपी. मद्रास आणि सिंधमध्ये त्याच्यावर बंदी आली.

मग १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' उभी राहिली. पुढच्याच वर्षी, मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटलेला असताना, व्ही. शांताराम यांनी शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. महाराजांची भूमिका स्वतःच केली. नाव ठेवलं 'स्वराज्याचे तोरण'. सेन्सॉरने 'स्वराज्य' या शब्दालाच हरकत घेतली. शेवटी गडावर झेंडा चढतो, त्या दृश्यालाही कात्री लागली. गंमत बघा, चित्रपट मुका, पडद्यावर अक्षरं दिसणार ती पाट्यांवर, तरी सरकारला भीती एका शब्दाची! शांताराम यांनी नाव बदलून 'उदयकाल' केलं. कसला उदय, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

इथे वर्गात हशा पिकायचा आणि मी तात्पर्य सांगून मोकळा व्हायचो: पाण्याला बांध घातला की ते दुसरीकडून वाट काढतं, तशी कला.

पण याच 'प्रभात'ची दुसरी गोष्ट मी सांगत नसे. खरं तर तिच्यावर तेव्हा नीट विचारच केला नव्हता. कंपनी पुण्याला गेल्यावर १९३५ मध्ये शांताराम यांनी पैठणच्या एकनाथ महाराजांवर बोलपट केला. नाथ झाले होते बालगंधर्व. आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला हा माणूस पहिल्यांदा पडद्यावर आला, तो संताच्या वेषात. चित्रपटाचं मूळ नाव 'महात्मा'. काळ कोणता होता, तर पुणे करार होऊन तीन वर्षं झालेली, गांधीजींचा हरिजन दौरा होऊन गेलेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलेलं. अशा वेळी अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या नाथांची कथा 'महात्मा' नावाने आली, तर लोक ती सोळाव्या शतकातली म्हणून थोडीच बघणार होते? सेन्सॉरने अडवलं. नाव झालं 'धर्मात्मा'.

अक्षरं दोनच बदलली. पण 'महात्मा' म्हटलं की आजचा प्रश्न समोर उभा राहत होता, आणि 'धर्मात्मा' म्हटलं की हात जोडून घरी जायची सोय होती.

'उदयकाल' आणि 'धर्मात्मा' यांत हा फरक का पडला असावा? मला वाटतं, आडवळणाने बोललेलं त्यालाच कळतं, ज्याला ते आधीपासून ठाऊक असतं. स्वराज्य प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात होतं, म्हणून 'उदय' एवढा इशारा पुरला. पण ज्यांचं दुःख बघायची समोरच्याची इच्छाच नाही, त्यांच्यासाठी इशारा काय कामाचा? तिथे नाव घेऊनच बोलावं लागतं. आणि कात्री नेमकी त्या नावावरच चालते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका मुलाच्या वहीतून कळलं, आणि तेही फार उशिरा.

साल ऐंशीच्या आसपासचं. आमचा कर्जत तालुका कायमचा दुष्काळी. मिरजगावच्या आजूबाजूला कितीतरी घरांची चूल रोजगार हमीच्या कामावर पेटायची. मी नोकरीला होतो त्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आणि नाटुकल्यांच्या वह्या तपासायचं काम माझ्याकडे. नववीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, की मुकादम हजेरीपटावर एक रक्कम मांडतो, हातावर दुसरीच टेकवतो आणि आईचा अंगठा घेतो. मुलाची आई खडी फोडायला जात होती. पाहुणे कोण येणार, हे मला माहीत होतं. मी लाल शाईने ते पान खोडलं आणि मोठ्या प्रेमाने म्हणालो, "असं उघड लिहायचं नसतं रे. सूचक लिही."

त्याने लिहिलं. मुकादमाचा चित्रगुप्त झाला आणि हजेरीपटाची पापपुण्याची वही. लोक पोट धरधरून हसले. पहिल्या रांगेतले तर सगळ्यांत जास्त! रोजगार हमीचं नावही कोणाच्या मनात आलं नाही. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी मी वही मागितली तेव्हा म्हणाला, "नाही सर, आता सुचत नाही."

त्याच्या काही वर्षं आधीच डॉ. जब्बार पटेल यांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत जाऊन आला होता. त्यात अख्खा साखरसम्राट उघड उघड दाखवला होता. आणि मी साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बसून एका मुकादमाला घाबरलो होतो. मला कोणत्याही बोर्डाने नेमलं नव्हतं.

मुलांनी काय पाहावं याला काही नियम असावेत, हे मलाही पटतं. २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे केले, ते चांगलंच झालं. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वतपासणी मान्य केली, पण कलेला मोकळीक हवी, हेही बजावलं. वय बघून पाटी लावणं वेगळं आणि दुःखाचं नाव पुसणं वेगळं.

'फुले' शेवटी २५ एप्रिलला लागला. ती बातमी ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर 'ज्ञानोदय' होता. हे पत्र १८४२ साली आमच्या अहमदनगरला सुरू झालं. १८५५ साली त्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मुलीचा निबंध छापून आला. ती स्वतः मांग समाजातली. निबंध मांग-महारांच्या दुःखाविषयी होता आणि त्याच्या नावातच ते दोन्ही शब्द होते. छापणाऱ्याने तिला 'सूचक लिही' असं सांगितलं नाही. म्हणून एकशे सत्तर वर्षांनी तिचं दुःख आपल्याला तिच्याच शब्दांत वाचता येतं.

माझ्या विद्यार्थ्याने मात्र ते पान पुन्हा लिहिलं नाही. कात्रीमुळे सुचलेलं आपण मोजतो, कारण ते पडद्यावर दिसतं. जे सुचायचंच थांबलं, ते कोण आणि कसं मोजणार?

चहा पिऊन झाल्यावर त्याला म्हणालो, "वर्गात सांगितलेलं ते तात्पर्य खोड. लाल शाईने."