पाच वर्षांचा 'स्टोन'

रोलिंग स्टोन्समध्ये गिटार वाजवायची नोकरी.. वीस वर्षांच्या पोराला अजून काय हवं? जून १९६९ मध्ये ब्रायन जोन्सच्या जागी मिक टेलर आला. ३ जुलैला जोन्स वारला आणि दोनच दिवसांनी लंडनच्या हाईड पार्कमध्ये, लाखो लोकांसमोर टेलरचा पहिला कार्यक्रम!

'स्टिकी फिंगर्स' (१९७१) ऐकाच. 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग'च्या शेवटी सॅक्सोफोननंतर त्याची गिटार अक्षरशः गाते. पण गाण्यांवर नावं बहुतेक जॅगर-रिचर्ड्सचीच. टेलरचं लागलं 'व्हेंटिलेटर ब्लूज'वर (१९७२). डिसेंबर १९७४ मध्ये गडी बाहेर. श्रेय न मिळणं हे एक कारण त्याने नंतर सांगितलं.

आपलं कसं, कोडवर नाव नसलं तरी पगार होतो. गाण्यावर नाव नसेल तर गीतकाराची रॉयल्टीच जाते, तीही जन्मभराची. त्यामुळे त्याने सोडलं, यात मला तरी वेडेपणा दिसत नाही.