मधला आठवडा : ‘शक्तिमान’ मालिकेच्या कथासूत्राचा प्रवास (१९९७–२००५)

प्रास्ताविक

भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासाची चर्चा प्रामुख्याने ‘हम लोग’ (१९८४), ‘रामायण’ (१९८७) आणि ‘महाभारत’ (१९८८) या मालिकांभोवती फिरत राहिली आहे. मध्यमवर्गाचा विस्तार, प्रायोजित कार्यक्रमांचे अर्थकारण, धार्मिक प्रतिमांचे राजकारण असे प्रश्न या मालिकांच्या निमित्ताने विचारले गेले. मुलांसाठीच्या मालिकांच्या वाट्याला असे प्रश्न क्वचितच आले. दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर १३ सप्टेंबर १९९७ ते २७ मार्च २००५ या काळात चारशेहून अधिक भाग चाललेली ‘शक्तिमान’ ही मालिका त्यामुळे आठवणींचा विषय झाली, अभ्यासाचा फारसा झाली नाही. या मालिकेचे कथासूत्र कसे वाढत गेले आणि ही वाढ केवळ पडद्यावर झाली काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

मालिका सुरू झाली तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९९० साली संमत झालेला प्रसार भारती कायदा १५ सप्टेंबर १९९७ रोजी, म्हणजे पहिल्या भागानंतर अवघ्या दोन दिवसांनी अमलात आला आणि २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आले. खासगी उपग्रह वाहिन्या शहरांतील घरांत पोहोचल्या होत्या. परंतु ज्या गावांत छतावरच्या अँटेनाखेरीज दुसरे साधन नव्हते, तेथे दूरदर्शन हीच दूरचित्रवाणी होती. अशा प्रेक्षकाला मिळालेला हा देशी सुपरहिरो होता.

नायकाची घडण

निर्माते व प्रमुख अभिनेते मुकेश खन्ना हे ‘महाभारत’ मालिकेतील भीष्माच्या भूमिकेमुळे घराघरांत परिचित होते. त्यांच्या निर्मितीसंस्थेचे नावही ‘भीष्म इंटरनॅशनल’ असेच होते. दिग्दर्शन दिनकर जानी यांचे होते. नायकाची रचना पाहता तीत दोन परंपरांचे मिश्रण दिसते. वृत्तपत्राचे कार्यालय, तेथील धाडसी महिला वार्ताहर आणि तिच्याच आसपास वेंधळेपणाचे सोंग घेऊन वावरणारा नायक हा आराखडा उघडपणे अमेरिकन चित्रकथांचा आहे. सुपरमॅन वार्ताहराच्या व स्पायडरमॅन छायाचित्रकाराच्या रूपात वावरतो. पुढे आलेले दात, चष्मा आणि लांबलचक नाव घेऊन आलेले पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हेही छायाचित्रकारच. शक्तीचा उगम मात्र वेगळा आहे. सुपरमॅन परग्रहावरून येतो, स्पायडरमॅनला कोळी चावतो. शक्तिमानला सामर्थ्य मिळते ते योगसाधना, कुंडलिनी, सप्तचक्रे आणि पंचमहाभूते यांतून. अपघाताने लाभलेल्या शक्तीच्या जागी तपश्चर्येने कमावलेली शक्ती येताच नायकाचा नैतिक अधिकार बदलतो. तो केवळ रक्षणकर्ता राहत नाही, गुरुजी होतो. मालिकेच्या पुढील वाटचालीतील बळ आणि अडचण या दोन्हींचे मूळ येथेच सापडते.

कथासूत्र आणि स्मरण

मालिकेचे कथानक दोन स्तरांवर चालते. वरच्या स्तरावर एखादे संकट उभे राहते, वाढते आणि एक किंवा काही भागांत निवारले जाते. खालच्या स्तरावर तमराज किल्विष (सुरेंद्र पाल) याचा अंधाराचे राज्य स्थापण्याचा खटाटोप संथपणे चालू असतो. डॉ. जैकाल (ललित परिमू) हा विवेक हरवलेल्या विज्ञानाचा प्रतिनिधी, अश्विनी काळसेकर यांनी रंगविलेली शलाका, अशी पात्रे या दोन स्तरांना जोडतात. गीता विश्वासच्या भूमिकेत आरंभी किटू गिडवानी होत्या. नंतर वैष्णवी महंत आल्या. नटी बदलली, पण पात्र तेच राहिले आणि प्रेक्षकाने ते स्वीकारले. पात्राची ओळख चेहऱ्यापेक्षा कथेतील स्थानावरून पटते, हे नाटकमंडळ्यांच्या काळापासून मराठी प्रेक्षकाला नवे नाही.

येथे प्रेक्षकाची बाजू पाहणे अगत्याचे ठरते. चुकलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय तेव्हा सामान्य घरात नव्हती. प्रारंभी मालिका शनिवारी सकाळी दाखविली जात असे. महाराष्ट्रात शनिवारची शाळा सकाळी भरण्याची रीत असल्यामुळे अनेक मुलांना कथा मित्राच्या तोंडून पुरी करून घ्यावी लागली असणार, हे उघड आहे. किल्विषाचे अंधार कायम राहो अशा आशयाचे पालुपद, जैकालची ‘पॉवर’ची घोषणा, नायकाचे भोवऱ्यासारखे गरगर फिरणे या पुनरुक्ती प्रौढ समीक्षकाला बालिश वाटल्या तरी त्यांचे कार्य निश्चित होते. आठवडाभराच्या खंडानंतर कथा जेथे सुटली होती तेथे प्रेक्षकाला आणून सोडण्याचे काम त्या करीत. कीर्तनातील पालुपद याहून फार निराळे नसते. कीर्तनाशी दुसरेही एक साम्य आहे, पण ते उलट्या क्रमाचे. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण आधी व उत्तररंगातील आख्यान नंतर येते. येथे आख्यान आधी, आणि निरूपण शेवटी, ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ या पुरवणीत. खोटे बोलणारे, हात न धुणारे किंवा कचरा टाकणारे मूल त्यात ‘सॉरी शक्तिमान’ म्हणे आणि भाग संपे.

पडद्याबाहेरची वाढ

दोन भागांच्या मधल्या आठवड्यात कथा थांबत नसे. अंगणात, शाळेच्या मैदानावर, जिन्यात ती पुढे चाले. हात वर करून गोल फिरणारी मुले तिचे पुढचे भाग स्वतःच रचीत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस वृत्तपत्रांतून काही भयंकर बातम्या आल्या. शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी उंचावरून उड्या मारल्या, स्वतःला पेटवून घेतले, असे त्यांत म्हटले होते. या घटनांचा मालिकेशी संबंध असल्याचे खन्ना यांनी पुढे मुलाखतींतून नाकारले. प्रत्येक बातमीची शहानिशा हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. इतिहासाच्या दृष्टीने निर्विवाद गोष्ट एवढीच की, मालिकेला उत्तर द्यावे लागले. आपण कल्पित पात्र आहोत, आपले अनुकरण करू नका, असे शक्तिमानला पडद्यावरून मुलांना सांगावे लागले.

असा प्रसंग प्रथमच उद्भवला होता असे नाही. जॉर्ज रीव्हज यांच्या अमेरिकन ‘सुपरमॅन’ मालिकेतही (१९५२–५८) उडण्याचे काम केवळ सुपरमॅनच करू शकतो, अशी समज नायकाच्या तोंडून दिली गेली होती. परंतु शक्तिमानची कोंडी अधिक बिकट होती. परग्रहावरून आलेला नायक ‘तुम्ही माझ्यासारखे नाही’ असे सहज म्हणू शकतो. साधनेने, सदाचाराने शक्ती मिळते असे आठवड्यामागून आठवडे सांगणाऱ्या नायकाला ते म्हणणे जड जाते. शिवाय, जो शेवटी येऊन हात धुवायला सांगतो आणि ज्याचे ऐकायचे असते, त्यानेच ‘मी खरा नाही’ म्हटल्यावर मुलाने कोणत्या शक्तिमानवर विश्वास ठेवायचा? गुरुजी खरे आणि उडणे खोटे, ही विभागणी मोठ्यांना सोपी वाटते. सात वर्षांच्या मुलाकडून तिची अपेक्षा धरणे हा कथेचा नव्हे, मोठ्यांच्या समजुतीचा दोष होता.

अर्थकारणाविषयी थोडक्यात सांगता येईल. निर्मात्याने दूरदर्शनला प्रक्षेपणशुल्क द्यायचे आणि जाहिरातींतून खर्च भरून काढायचा, अशी प्रायोजित कार्यक्रमांची पद्धत होती. पार्ले-जी बिस्किटांचे प्रायोजकत्व मालिकेला लाभले. मालिका रविवारी आल्यावर शाळेची अडचण उरली नाही. प्रेक्षक वाढला, शुल्कही वाढले. मालिका थांबण्याचे कारण म्हणून खन्ना यांनी या वाढत्या शुल्काकडे बोट दाखविले आहे. अंधाराशी आठ वर्षे चाललेल्या झुंजीचा शेवट अशा रीतीने हिशेबाच्या वहीत झाला.

टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली. १९९७ मधली मुले तोवर आईबाप झाली होती आणि आपल्या मुलांना शेजारी बसवून ती पाहत होती. अभ्यासकाला या पुनःप्रक्षेपणातून कथा मिळते, संवाद मिळतात. मूळ जाहिराती मिळत नाहीत. आणि यावेळी भाग रोज दाखविले गेले. किल्विषाने रचलेल्या सापळ्यातून शक्तिमान कसा सुटणार, हे दुसऱ्याच दिवशी कळत होते.